सागरमैनेची चौथी ओळ

१

पावसाळ्यात बंदरावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही असं म्हणतात, ते काही खरं नाही. कुत्री असतात, माणसंच नसतात. एक जूनला मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवतात, खलाशी आपापल्या गावी जातात आणि मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत उरते ती एकटी मृणाली. दहाला कुलूप काढायचं, पाचला लावायचं. मधल्या सात तासांत फोन वाजला तर वाजला.

घरीही ती एकटीच होती. तिला आता सवय झाली असेल, असं वाडीतल्या बायका म्हणायच्या. म्हणणाऱ्यांचं काय जातं! सवय बिनमिठाच्या पेजेची होते, रिकाम्या घराची होत नाही.

कचेरी म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, कपाट आणि संगणक, मागच्या खोलीत जाळी. पुढे पडवी, आणि पडवीच्या भिंतीला एक लांब फळी. बोटीवर कोणी चपला घालून चढत नाही. निघताना प्रत्येकजण आपल्या चपला त्या फळीवर काढून ठेवतो, परत आला की त्याच घालून घरी जातो. त्यामुळे कोण दर्यात आहे ते मृणालीला रजिस्टरच्या आधी फळी सांगायची.

जुलैत फळी मोकळी असायला हवी. पण तिच्या टोकाला चार जोड होते आणि ते दोन वर्षं तिथेच होते. 'सागरमैना' या बोटीवरच्या चौघांचे. बोट हाकणारा तांडेल सोनू, आंजर्ल्याचा विनीत, वाडीतल्या यमुनाबाईंचा भिवा आणि मितेश. बोट दिवाळीनंतर गेली ती गेली. माणूस सोडा, लाकडाचा तुकडाही हाती लागला नाही. त्या चपला हलवायचं धाडस कोणाला झालं नव्हतं. चौथ्या जोडाचा डावा अंगठा तुटलेला होता आणि तारेने बांधलेला होता. तो मितेशचा, मृणालीच्या नवऱ्याचा. तो डावा पाय जरा घासत चालायचा, त्याने किती अंगठे तोडले त्याला गणती नव्हती.

२

यंदा विजेच्या लोळाने कचेरीचा जुना संगणक जाळला. मारुती मंदिराजवळच्या दुकानातल्या दीपकने नवा बसवला, साठवून ठेवलेला सगळा डेटा त्यात परत भरला आणि तो गुहागरला एका शाळेच्या कामाला निघून गेला. मृणालीने पहिलं फोल्डर उघडलं, तर संगणकाने सरळ सांगितलं की तुम्हाला परवानगी नाही.

तिने दीपकला फोन लावला.

"घाबरू नका वहिनी," तो म्हणाला. "सामान सगळं परत आलंय, फक्त कुलपं जुन्या मशीनची आहेत. फोल्डरवर मालक कोण दिसतोय?"

"नावच नाही. लांबच्या लांब आकडा आहे."

"बरोबर. जुन्या मशीनवर जी खाती होती ती मशीनबरोबर गेली. गेलेल्या खात्याचं नाव राहत नाही, नुसता नंबर राहतो. तुम्ही काय करायचं, मालकाच्या जागी स्वतःचं नाव घालायचं, खालच्या सगळ्या फोल्डरना लागू करा अशी खूण करायची, आणि मग स्वतःला पूर्ण परवानगी द्यायची. एक एक करत जा. कंटाळा येईल, पण तुम्हाला तिथे दुसरं काम काय आहे?"

हे शेवटचं तो सहज बोलला. मृणालीही सहज हसली आणि तिने फोन ठेवला.

बेचाळीस बोटींची बेचाळीस फोल्डरं होती. तिने कामाला सुरुवात केली. आकडा पुसायचा, आपलं नाव घालायचं, पुढे जायचं. त्यातला एक आकडा मितेशच्या जुन्या खात्याचा असणार. तो असताना कचेरीचा संगणक तोच बघायचा, बंदीच्या दोन महिन्यांत बोटीवरून उतरून या खुर्चीत बसायचा. मोबाइलवर काढलेले लाटांचे व्हिडिओ त्याने इथे एका फोल्डरमध्ये ठेवले होते आणि त्यावर फक्त मृणालीच्या नावापुढे 'नकार' लावून ठेवला होता. "तू बघशील नि मी येईपर्यंत जागी राहशील," असं म्हणायचा. ती चिडायची. "चेअरमनला परवानगी, शिपायाला परवानगी, नि सख्ख्या बायकोला नकार!" तो नुसता हसायचा. तिला भीती वाटेल असं काहीही तो तिच्यापासून कुलपात ठेवायचा. बोट सुटताना तिला धक्क्यावरही येऊ द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी फोल्डरं उघडली. मत्स्य खात्याला पाठवायचा हंगाम बंदचा तक्ता राहिला होता. त्या तक्त्यात प्रत्येक बोटीच्या प्रत्येक माणसाची एक ओळ, त्याच्यापुढे 'गेला' आणि 'आला'. सगळी माणसं किनाऱ्यावर परत आली म्हणून लिहायचं आणि पाठवायचं, दरवर्षीचंच काम. तिने पहिल्या ओळीत 'आला' लिहिलं आणि माउस धरून रकाना सरळ खाली ओढला. तीनशे ओळी भरल्या. तिने सेव्ह केलं, पाठवलं, आणि मग तिचा हात थांबला.

सागरमैनेच्या चार ओळी ती दोन वर्षं न चुकता सोडून देत आली होती.

३

ती खोडायला गेली तर तक्ता खोडू देईना. परवानगी नाही.

हा तक्ता तिने सकाळीच आपल्या नावावर केला होता. तिने पुन्हा सिक्युरिटीचं पान उघडलं. मालक म्हणून तिथे आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, मितेश. खालच्या यादीत सगळ्यांना परवानगी होती आणि एकाच नावापुढे 'नकार' होता. मृणाली.

तिने तक्ता पुन्हा उघडला. वाचायला उघडला, लिहायला नाही. सागरमैनेच्या पहिल्या तीन ओळींत 'आला' होतं. सोनू, आला. विनीत, आला. भिवा, आला. चौथी ओळ रिकामी होती. तिने तर चारही भरल्या होत्या.

"शक्य नाही वहिनी," दीपक फोनवर म्हणाला. "नाव दिसायचं तर ते खातं या मशीनवर असायला पाहिजे. मी स्वतः खाती केलीत, तुमचं नि चेअरमनचं. तिसरं नाहीच."

"मग हे कुठून आलं?"

"भरताना काहीतरी गोंधळ झाला असणार. पण एक सांगतो, नकार लावलेला असला ना, की बाकी परवानग्या कितीही द्या, तो नकारच चालतो. तुम्ही असं करा, मालक बदला, नकाराची ती ओळ काढून टाका नि तुमचं काय ते लिहा. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचंच होतं. तिने मालकाच्या जागेवर बाण नेला. आता बोट दाबलं की तिथलं 'मितेश' जाणार आणि तिथे 'मृणाली' येणार. दोन वर्षांत त्याचं नाव कुठेही नव्याने उमटलं नव्हतं. रेशनकार्डावर होतं ते जुनं, लग्नपत्रिकेवर होतं ते जुनं. हे आजचं होतं.

पुसायला तिचा हात धजेना. उद्या बघू, असं म्हणून तिने पाचला कुलूप लावलं. पडवीतून जाताना तिने सवयीने फळीकडे बघितलं. टोकाला तीनच जोड होते. सोनू तांडेलचा जोड तिथे नव्हता.

कोणीतरी नेला असेल, तिने स्वतःला समजावलं. पावसात पाय भिजलेला माणूस चपला कोणाच्या ते बघत नाही. पण फळीवर जिथे तो जोड होता तिथली धूळ पुसलेली नव्हती, ओली झाली होती. तिने बोटाने चाचपून बघितलं. पाणी खारं आहे की कसं ते बघायला बोट जिभेपर्यंत नेलं आणि तसंच पदराला पुसून टाकलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीतचा जोड नव्हता, आणि सोनूच्या जागी दुसराच जोड होता. बायकी, हिरव्या पट्ट्याचा, लहान मापाचा. हा पट्टा मृणालीने पाहिलेला होता. सोनू गेल्यावर त्याची बायको मैना मुंबईला भावाकडे गेली, तेव्हा तिला एस.टी.त बसवून द्यायला मृणालीच गेली होती. तिने मैनाला फोन लावला. फोन बंद होता.

अशा चपला काय एकट्या मैनाकडेच असतात होय, असं म्हणून ती टेबलाशी बसली. संगणक चालू केला. मालक, मितेश. चौथी ओळ रिकामी. मागच्या खोलीत जाळ्यांवर काहीतरी हललं. जाळी सुकी असली की हलताना आवाज होत नाही. हा आवाज ओल्या जाळ्याचा होता, बोटीवर ओढताना येतो तसा, जड आणि सावकाश. तिने उठून मधल्या दाराला कडी घातली. उंदीर असतील, ती मोठ्याने म्हणाली. कोणीतरी बोलल्यासारखं वाटावं म्हणून.

अकराच्या सुमाराला यमुनाबाई आल्या. सत्तरीची बाई, इरलं सोडून कधी छत्री घेतली नाही. दोन वर्षांत त्या कचेरीची पायरी चढल्या नव्हत्या.

"मृणाली, बोट आली काय गो?"

मृणाली खुर्चीतून उठली. "कुठली बोट, काकी?"

"आपली. सागरमैना."

"काकी, असं काय करता? बंदी आहे. बोटी सगळ्या वर आहेत."

"ता मना म्हायत हाय गो बाय." यमुनाबाईंनी इरल्याचं पाणी झटकलं. "पण पहाटे पडवीत कोण तरी आला. मी आतून इचारलंय, कोण? बोलला नाय. माज्या भिवाला पयल्यापासून खोड, दारात आला की आधी रांजणातला तांब्याभर पाणी पितो नि मग हाक मारतो. पाणी प्यायल्याचा आवाज झाला. मग मी दार उघडलंय."

"मग?"

"कोण नाय. पण रांजण बघते तर तळाला. एवढा पाणी कोण पितो गो?"

मृणालीला सांगता आलं असतं. काकी, मी चुकून 'आला' लिहिलं आणि ते खोडता येतं, पण मी खोडत नाही. त्याऐवजी तिने त्यांना चहा करून दिला. यमुनाबाई चहा न घेताच उठल्या, आणि जाताना फळीवरच्या भिवाच्या चपलांवरून हात फिरवून गेल्या. म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर इतकं उजळलेलं काही मृणालीने दोन वर्षांत बघितलं नव्हतं, आणि तिला त्या क्षणी दया आली नाही. हेवा वाटला.

त्या दुपारी भिवाचा जोड गेला. मृणाली पडवीतच बसून होती. ती फक्त फोन घ्यायला आत गेली, आणि फोनवर कोणी बोललं नाही.

५

सकाळी विनीतच्या जागी चामड्याच्या वहाणा होत्या. जुन्या पद्धतीच्या, टाचेला झिजलेल्या. विनीतचे वडील आप्पा दोन वर्षांपूर्वी आंजर्ल्याहून चौकशीला आले होते, तेव्हा याच पडवीत बसून त्यांनी अशाच वहाणा काढल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा घातल्या नव्हत्या. आंजर्लं काही इथे वाटेवर नाही. तिथून चालत कोण येणार?

मृणाली आत गेलीच नाही. ती तडक वाडीत यमुनाबाईंच्या घरी निघाली.

भर सकाळी दार लोटलेलं होतं. तिने हाक मारली. बऱ्याच वेळाने दार चारेक बोटं उघडलं आणि यमुनाबाईंचा चेहरा दिसला. केस ओले होते. पाऊस तर मघाशीच थांबला होता.

"काकी, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय." त्या हसल्या. आवाज अगदी हलका होता, पाळण्यात मूल असलं की बाई बोलते तसा. "हळू बोल. निजलाय तो."

"कोण?"

"दमून आलाय. लांबसून आलाय ना."

त्यांच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं ते थोडंच. चुलीपुढे अंथरूण, त्यावर डोक्यापर्यंत गोधडी ओढून कोणीतरी पडलेलं. पाय तेवढे बाहेर होते. माणूस दिवसभर पाण्यात राहिला की तळवे पांढरे पडून सुरकुततात, ते तिने हजारदा पाहिलं होतं. हे त्याहून पांढरे होते, आणि फुगलेले. गोधडीखालून पाण्याची एक धार निघाली होती आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवरून उंबऱ्याकडे येत होती.

"काकी, बाहेर या," मृणाली म्हणाली. "माझ्याबरोबर चला. आत्ता चला."

"मी खंय येऊ? तो उठला की निघायचा हाय आमाला."

"कुठे?"

यमुनाबाईंनी तिच्याकडे मायेने बघितलं. "तुजा नाय आला काय गो अजून?" त्यांनी विचारलं आणि दार लावून घेतलं.

मृणालीने दार वाजवलं, हाका मारल्या. शेजारची दर्शना बाहेर आली, तिलाही आतून उत्तर आलं नाही. दर्शना म्हणाली, म्हातारी हल्ली असंच करते, दुपारी मी बघते, तू जा कामाला. मृणाली वळली. निम्म्या वाटेवर आली आणि धावायला लागली. तिला कळलं होतं की दार वाजवून काही होणार नाही. खोडायचं होतं ते कचेरीत होतं.

६

पडवीत पाय ठेवला आणि ती थांबली.

भिवाच्या जागी यमुनाबाईंच्या चपला होत्या. काळ्या, रबरी, एकीचा पट्टा सुतळीने शिवलेला. एकीला एक लावून नीट ठेवलेल्या, दर्यावर निघालेला माणूस ठेवतो तशा. वाडीपासून इथे यायला ती एकच वाट होती आणि त्या वाटेवर तिला कोणी भेटलं नव्हतं.

हिरव्या पट्ट्याच्या, चामड्याच्या वहाणा, काळ्या रबरी. आणि टोकाला तारेने बांधलेला जोड, होता तिथेच. फळी बघून कोण दर्यात आहे ते सांगायचं तिचं काम होतं. आता कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, मैना, आप्पा नि यमुनाबाई.

ती आत जाऊन संगणकापुढे बसली. पायातल्या स्लिपरा पावसाने निसरड्या झाल्या होत्या, खुर्ची धरून बसावं लागलं. तक्ता उघडला. मालक, मितेश. मृणाली, नकार.

आता तिला ते वाचता आलं. तिने चारही ओळी भरल्या होत्या, आणि त्याने आपली तेवढी पुसली होती. मग ती पुन्हा भरू नये म्हणून कुलूप घातलं होतं. बाकी तिघांना आपापल्या घरी जाण्यापासून त्याला अडवता आलं नसेल. स्वतःला अडवणं एवढंच त्याच्या हातात होतं. लाटा दाखवायच्या नाहीत, धक्क्यावर येऊ द्यायचं नाही. मेल्यावरही तेच.

"दोन वर्षं," ती म्हणाली. कचेरीत कोणी नव्हतं आणि तिला कोणाची लाजही नव्हती. "दोन वर्षं मी दोन ताटं घेते नि एक परत ठेवते. तुला काय वाटलं, मला भीती वाटेल?"

तिने मालकाच्या जागेवर बाण नेला. दाबलं. मितेश गेलं, मृणाली आलं. नकाराच्या ओळीवर गेली आणि ती काढून टाकली. संगणकाने विचारलं, नक्की का? तिने होय म्हटलं. दीपक म्हणाला होता तसं, दोन मिनिटंही लागली नाहीत.

तक्ता आता तिचा होता. सागरमैनेच्या चार ओळी तिच्यासमोर होत्या. तीन 'आला', एक रिकामी. तीन खोडायचे की नाही? त्यासाठीच ती धावत आली होती. कदाचित अजून वेळ गेलेली नसेल. कदाचित दर्शनाने दार वाजवलं तर यमुनाबाई आतून ओ देतील, मैनाचा फोन लागेल, आप्पा आंजर्ल्यात आपल्या पडवीत असतील.

तिने पहिल्या 'आला'वर बाण नेला आणि तिथे बराच वेळ ठेवला. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला. घड्याळात बाराही वाजले नव्हते. पाचपर्यंत इथे बसायचं होतं, मग कुलूप, मग घराचं कुलूप, मग दोन ताटं.

तिने बाण खाली आणला, चौथ्या ओळीवर. 'आला' लिहिलं. सेव्ह केलं.

काही झालं नाही. संगणकाचा पंखा घरघरत होता. मग मधल्या दाराची कडी, जी तिने स्वतः घातली होती, ती आतल्या बाजूने कोणीतरी काढावी तशी हलकेच पडली. त्या दाराला आतून कडीच नव्हती.

ती वळली नाही. तिला पडवीतला आवाज ऐकायचा होता, आणि तो आला. फळीवरून एक जोड खाली उतरल्याचा. मग पावलं. एक पाऊल सरळ, एक घासत. एक सरळ, एक घासत. सिमेंटवर तार ओरखडत होती. मिठाचा आणि डिझेलचा वास खोलीत भरला, आणि त्याखाली दुसरा एक वास, ज्याला तिने नाव दिलं नाही. तिच्या मानेवर पाण्याचा थेंब पडला. गार होता. मग दुसरा.

"का गो उघडलंस?" मितेश म्हणाला. त्याचाच आवाज होता. इतका दुःखी तो तिने कधी ऐकला नव्हता.

मृणालीने टेबलाखाली एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायातली स्लिपर काढली, मग दुसरी. खाली वाकून दोन्ही उचलल्या, एकीला एक लावून नीट धरल्या आणि फळीवर ठेवायला उठली.